आतला पॅड संपला, बाहेरचा निम्मा शिल्लक: कॅलिपरच्या पिनांकडे कोण पाहते?

खाडीकाठ_कोपरखैरणे

नमस्कार मंडळी,

माझी हॅचबॅक २०१६ सालची असून आजवर ६८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या आठवड्यात पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलून घेतले आणि जुने पॅड आग्रहाने मागून घरी आणले. लोखंडी पट्टी सोडून नुसत्या घर्षणाच्या थराची जाडी व्हर्नियरने मोजली, तेव्हा उजव्या चाकाचे दोन्ही पॅड साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरले. डाव्या चाकाच्या बाहेरच्या पॅडवर साडेपाच मिलिमीटर थर होता आणि आतल्या पॅडवर जेमतेम दीड. म्हणजे मी आणखी महिनाभर थांबलो असतो, तर एका बाजूने लोखंडच चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासू लागले असते आणि चाकाच्या फटीतून डोकावून पाहणाऱ्याला मात्र बाहेरचा पॅड धडधाकट दिसला असता.

गॅरेजमध्ये विचारले तेव्हा "पिना जरा टाइट होत्या, ग्रीस मारून दिले आहे" एवढेच उत्तर मिळाले. परंतु काल वाशीहून ठाण्याला गेलो, तेव्हा डाव्या चाकाची रिम उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेली होती. गणपतीला चिपळूणजवळच्या गावी जायचे आहे, वाटेत घाट आहेत आणि गाडीत आई-वडीलही असतील, त्यामुळे हा विषय मला असाच सोडून द्यायचा नाही.

या स्लाइड पिनांची देखभाल नेमकी कशी करावी, त्यांना कोणते ग्रीस चालते आणि हे काम पावसाळ्याआधी करावे की नंतर, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पारसिक_डोंगर

आपण जुने पॅड मागून घेतलेत आणि मोजलेत, हे फार चांगले केलेत. डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड ज्या सांगाड्यात असतात तो म्हणजे कॅलिपर, आणि आपल्या गाडीला जे कॅलिपर असते त्याला तरंगते कॅलिपर म्हणतात. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि डिस्क हलू शकत नसल्यामुळे त्याच दाबाच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे संपूर्ण धूड विरुद्ध दिशेला सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणते. हे सरकणे ज्या दोन पिनांवर होते, त्याच या स्लाइड पिना. सरकण्याचे अंतर अगदी थोडे असते, पण ते सहज झाले तरच दोन्ही पॅडवर सारखा जोर येतो.

पिन जाम असेल तर कॅलिपर सरकण्यात काही जोर वाया जातो, बाहेरच्या पॅडला तेवढा कमी मिळतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम आतल्या पॅडवर पडते. तुमच्या दीड आणि साडेपाच मिलिमीटरमागे हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे.

पेडल सोडल्यानंतरचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. पिस्टनभोवतीची चौकोनी कापाची रबरी सील दाबाच्या वेळी किंचित पिळली जाते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. बाहेरच्या पॅडला मागे ओढणारे असे काहीही नसते. डिस्कच्या फिरण्यात जी सूक्ष्म डगमग असते, तिच्या धक्क्यानेच कॅलिपर थोडे मागे सरकते आणि तो पॅड मोकळा होतो. पिन घट्ट असेल तर तो डिस्कला चिकटूनच राहतो.

घोडबंदरकर

गॅरेजमध्ये मारलेले ग्रीस कोणत्या रंगाचे होते, ते पाहिलेत का?

खाडीकाठ_कोपरखैरणे

@घोडबंदरकर, काळसर होते. त्याच डब्यातून शेजारच्या गाडीच्या सस्पेन्शनलाही लावत होते.

जुना_फिटर_वागळे

मग आपल्या गाडीत नेमके काय चालले असेल, याचा अंदाज मला येतो. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षे गाड्यांचे काम केले. ज्या काळात शिकलो त्या काळात पद्मिनी गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत, त्यामुळे आम्हा लोकांच्या हाताला ग्रीसचा एकच डबा ठाऊक होता. डिस्क ब्रेक घरोघरी आले, पण डबा मात्र तोच राहिला.

पिनेवरचे रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारे आवरण, आणि काही पिनांच्या टोकाला असलेली रबराची नळी बहुधा ईपीडीएम जातीच्या रबराची असते, कारण ब्रेक ऑइलला तेच रबर टिकते. या रबराला खनिज तेल चालत नाही. साधे चेसिस ग्रीस किंवा बेअरिंगचे ग्रीस लावले की ते रबर तेल पिते आणि फुगते. लावल्याबरोबर पिन लोण्यासारखी फिरते, गिऱ्हाईक खूश होते, आणि काही महिन्यांत तीच फुगलेली नळी भोकात बुचासारखी घट्ट बसते.

अशी एक पिन मी एकदा पुष्कळ वेळ पिळून पिळून बाहेर काढली होती. टोकाची रबरी नळी दुधी भोपळ्याच्या तुकड्यासारखी फुगून मऊ झाली होती, नखाने दाबले तर खूण तशीच राहत होती, आणि पिनेचे पोलाद मात्र आरशासारखे स्वच्छ होते. गंजाचा एक ठिपकाही नव्हता. दोष सगळा चुकीच्या ग्रीसचा होता.

म्हणून ब्रेकसाठी बनवलेले, रबराला चालते असे वेष्टनावर लिहिलेले सिलिकोन ग्रीसच वापरावे. एका चाकाला बोटाच्या पेरावर मावेल इतके पुरते, त्यामुळे पैसे वाचवण्यासारखे येथे काही नाही.

नेरूळ_पूर्व

जुना_फिटर साहेबांविषयी आदर बाळगून वेगळा अनुभव मांडतो. मी दहा वर्षे माझ्या गाड्यांना साधे लिथियम ग्रीस लावत आलो आहे आणि एकदाही पिन जाम झालेली नाही. फरक ग्रीसच्या जातीपेक्षा वेळच्या वेळी स्वच्छता करण्यात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुना_फिटर_वागळे

@नेरूळ_पूर्व, आपल्या गाड्यांच्या दोन्ही पिना पूर्ण पोलादी असतील, टोकाला रबर नसेल, तर आपला अनुभव खरा असू शकतो. तिथे ग्रीसचा संबंध फक्त बुटाशी येतो आणि बूट फुगला तरी पिन लगेच अडत नाही. परंतु फुगलेल्या बुटाची कड खोबणीतून सुटते आणि मग पाणी आत जाते. पुढच्या वेळी पिन काढाल तेव्हा बुटाची कड बोटांनी ताणून पाहा आणि नव्या बुटाशी तुलना करा, एवढीच विनंती आहे. स्वच्छतेचे महत्त्व मात्र आपण म्हणता तितकेच आहे.

नेरूळ_पूर्व

मान्य. पुढच्या रविवारी उघडून पाहतो आणि जे दिसेल ते येथे लिहितो.

सानपाड्याची_गौरी

मी हे काम गेली चार वर्षे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करते, म्हणून पद्धत लिहिते. पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस उभा असावा, हे आधीच सांगते.

सपाट जागा, मागच्या चाकांना ओंडके किंवा विटा, नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करणे, मग जॅक आणि जॅकशिवाय भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ मी बसत नाही. चाक काढल्यावर खालच्या पिनेचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखे वर उचलता येते, पण पिना साफ करायच्या तर ते पूर्णच मोकळे करावे लागते. त्या वेळी कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. मी जाड तारेचा आकडा करून ते स्प्रिंगला टांगते.

त्यानंतर प्रत्येक पिन नुसत्या हाताने आत-बाहेर करून पाहते. चांगली पिन दोन बोटांनी सरकते. पिना काढण्याआधी फोटो जरूर काढावा, कारण अनेक गाड्यांत वरची आणि खालची पिन सारखी नसते. एकीला टोकाशी रबर असते, दुसरीला नसते, आणि अदलाबदल झाली तर ग्रीस कितीही उत्तम असले तरी कॅलिपर अडखळत सरकते.

जुने ग्रीस पूर्ण निघाले पाहिजे, यावर मी सर्वांत जास्त वेळ देते. पिन कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसते. भोकाच्या आत पातळ काडीला कापड गुंडाळून फिरवते आणि कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत ते बदलत राहते. पेट्रोल किंवा रॉकेल येथे वापरू नये, रबराचे तेच नुकसान होते. पिनेवर हलका डाग असेल तर निघतो, पण गंजाने खड्डे पडले असतील, तर पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेण्यापेक्षा मी पिन आणि बूट यांचा नवा संच घेते.

नवे ग्रीस पातळ थरात लावते. भोक आतून बंद असते, म्हणून त्यात ग्रीस ठासून भरले तर आत अडकलेली हवा आणि ग्रीस पिनेला परत बाहेर ढकलतात. काही पिनांवर लांबीच्या दिशेने सपाट पट्टे असतात, ते हवा जाण्यासाठीच असतात, ते बुजवू नयेत. शेवटी बुटाची कड दोन्हीकडच्या खोबणीत बसली आहे का, हे मी नखाने गोल फिरवून तपासते.

आणि गाडी सुरू करून हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावे. पिस्टन मागे ढकललेला असेल, तर पहिल्या एक-दोन दाबांना पेडल थेट तळाला जाते. हे विसरून कुणीही गाडी उतारावर घेऊ नये.

खारघर_सेक्टर_बारा

गौरीताईंनी इतक्या बारकाईने लिहिले याबद्दल धन्यवाद. तरीही घरच्या घरी ब्रेक उघडण्याचा सल्ला सर्वसामान्य वाचकाला द्यावा, हे मला पटत नाही. स्टिअरिंग किंवा ब्रेक यांत झालेली चूक रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. पिनेचा बोल्ट लहान असतो, लांब पान्याने आवळला तर त्याचे आटे जातात आणि सैल राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

सानपाड्याची_गौरी

@खारघर_सेक्टर_बारा, आपली काळजी रास्त आहे. लहान गाड्यांत पिनेच्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बहुधा २५ ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसते त्या चौकटीच्या, बोल्टचा त्याहून बराच जास्त, परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच खरा मानावा आणि टॉर्क पाना नसेल तर हे काम हाती घेऊ नये. माझा मुद्दा असा की जो स्वतः करणार नाही, त्यालाही काम कसे होते हे ठाऊक असावे, म्हणजे तो गॅरेजमध्ये शेजारी उभा राहून योग्य प्रश्न विचारू शकेल. पॅड बदलले आणि पिना पाहिल्याच नाहीत, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले, म्हणून तर मी शिकले.

खारघर_सेक्टर_बारा

या स्वरूपात मांडले तर माझी पूर्ण सहमती आहे.

कासारवडवली_ईव्ही

माझ्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे आणि तिच्याविषयी एक वेगळी गोष्ट नोंदवतो. तिचा वेग मुख्यतः मोटरच कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे डिस्क ब्रेक फारच कमी वापरले जातात. घोडबंदर रोडच्या गर्दीत तासभर गाडी चालवूनही डिस्क जवळजवळ गार असते. पॅड वर्षानुवर्षे टिकतात आणि म्हणूनच कॅलिपर उघडण्याची वेळच येत नाही. माझ्या गाडीचे पॅड ४०,००० किलोमीटरनंतरही जाड होते, पण मागच्या उजव्या चाकाच्या पिना अक्षरशः पकड लावून काढाव्या लागल्या. अशा गाड्यांनी किलोमीटर मोजत बसू नये, वर्ष मोजावे. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर मागे वाहन नाही हे पाहून ब्रेक नीट दाबून वापरावेत, म्हणजे डिस्कवरचा गंजही उतरतो.

घोडबंदरकर

हीच गोष्ट २०२० च्या टाळेबंदीत आमच्या संपूर्ण पार्किंगने अनुभवली. कित्येक आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्या हलवताना चाकांतून टक्क असा आवाज येत होता. पॅड डिस्कला चिकटले होते आणि पुढे काहींच्या पिनाही घट्ट निघाल्या.

ऐरोली_दुचाकी

मोटारसायकलच्या पुढच्या डिस्कलाही हेच लागू आहे का?

पारसिक_डोंगर

@ऐरोली_दुचाकी, एका बाजूला पिस्टन असलेले कॅलिपर असेल तर हो, तिथेही दोन पिना आणि छोटे बूट असतात, आणि चिखल थेट उडत असल्यामुळे ते लवकर खराब होतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असलेले स्थिर कॅलिपर असेल, तर त्याला सरकण्याच्या पिना नसतातच, त्यात दिसणारी पिन फक्त पॅड धरून ठेवते.

तीन_हात_नाका

गाडी न उघडता काही अंदाज घेता येतो का? माझ्या गाडीला सिग्नलवर थांबताना जळका वास येतो.

पारसिक_डोंगर

येतो. शक्यतो मोकळ्या रस्त्याने पाच-सात किलोमीटर जा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी आपोआप मंद होऊ द्या, आणि उतरल्याबरोबर दोन्ही पुढच्या चाकांच्या तापमानाची तुलना करा. हात डिस्कला लावू नका, रिमजवळ धरला तरी फरक जाणवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. दुसरी खूण म्हणजे गाडी एका बाजूला ओढणे, आणि तिसरी म्हणजे चाक उचलून हाताने फिरवताना अडखळणे. पॅड बाहेर काढल्यावर तो पाचरीसारखा तिरका झिजलेला दिसला, तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे असे समजावे.

मात्र गरम चाक म्हणजे पिनच, असे गृहीत धरू नये. पिस्टन गंजून अडकला असेल किंवा जुनी रबरी नळी आतून फुगून ऑइल परत येऊ देत नसेल, तरी लक्षणे जवळजवळ हीच दिसतात. म्हणून पिना हाताने हलवून पाहिल्यावर पिस्टनही सावकाश मागे दाबून पाहावा. तो दाबताना ऑइलची टाकी वरून सांडत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. मागच्या डिस्कमध्ये हँडब्रेक असेल तर तो पिस्टन बहुधा फिरवून आत न्यावा लागतो, तिथे नुसता जोर लावू नये.

जळका वास येत असताना तुम्ही घाटात जाऊ नका. घासत राहिलेल्या ब्रेकची उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट-४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी मिसळल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइलला उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखे खाली जाते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

बेलापूर_किल्ला

पिना मोकळ्या करूनही माझ्या गाडीचा पॅड अडकतच होता, म्हणून एक भर घालतो. ब्रॅकेटवर जिथे पॅडचे कान बसतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. त्या क्लिपांच्या खाली गंज धरला की तो क्लिपेला वर उचलतो, खाचेतली जागा कमी होते आणि पॅड दाबून बसवावा लागतो. मेकॅनिकने माझ्यासमोर क्लिप काढली, तेव्हा खालून तपकिरी पापुद्रे गळून पडले. तारेच्या ब्रशने ती जागा घासून नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाने सरकू लागला. ती धूळ मात्र तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी.

नेरूळ_पूर्व

सांगितल्याप्रमाणे उघडून पाहिले. एका गाडीच्या दोन्ही पिना पोलादी आहेत आणि उत्तम आहेत. दुसऱ्या गाडीच्या एका पिनेला टोकाशी रबर आहे, हे मला कळलेच नव्हते, कारण ती गाडी मी मागच्याच वर्षी घेतली. ते रबर फुगू लागले होते. जुना_फिटर साहेबांचे म्हणणे खरे निघाले, संच मागवला आहे.

खाडीकाठ_कोपरखैरणे

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये शेजारी उभे राहून डावे कॅलिपर उघडून घेतले. वरची पिन हाताने सरकत होती. खालची पिन हलेना, शेवटी बोल्टचे डोके पकडून उजवी-डावीकडे फिरवत फिरवत काढावी लागली. टोकाचे रबर फुगलेले होते, आणि बुटाला कडेशी एक बारीक चीर गेली होती. आत काळ्या ग्रीसमध्ये मिसळलेले तपकिरी पाणी होते, दोन थेंब माझ्यासमोर जमिनीवर पडले. पिनेवर एका बाजूला गंजाचे खड्डे होते. आठवडाभरापूर्वी "ग्रीस मारून दिले" असे मला सांगण्यात आले होते, ते या पिनेवर फक्त बाहेरून मारलेले होते.

दोन्ही बाजूंना पिना आणि बूट यांचे नवे संच बसवले, क्लिपा बदलल्या, जुने ऑइल काढून नवे डॉट-४ भरले. आधी पामबीच रोडवरून परतल्यावर डाव्या डिस्कचे तापमान १३५ अंश आणि उजव्या डिस्कचे ८० अंश आले होते. काल त्याच रस्त्याने त्याच वेळी जाऊन आलो, तेव्हा डावे ७८ आणि उजवे ८१ आले.

माझा मूळ प्रश्न तेवढा राहिला. दरवर्षीची तपासणी पावसाळ्याआधी करावी की नंतर?

जुना_फिटर_वागळे

आपल्या भागापुरते सांगतो. मे महिन्यात चाक काढून बूट तपासावेत, कुठे चीर दिसली तर तो तेव्हाच बदलावा, कारण पाणी आत शिरायची वाट तीच. पिना काढून साफ करण्याचे मोठे काम दिवाळीनंतर करावे, म्हणजे चार महिन्यांत जे पाणी शिरले असेल ते पुढचे आठ महिने आत बसून पिनेला खात राहणार नाही. दोन्ही करणे जमत नसेल तर दिवाळीनंतरचे सोडू नये. आपण यंदा ऑगस्टमध्ये केलेच आहे, तरी नोव्हेंबरमध्ये खालची पिन एकदा हलवून पाहा.

खाडीकाठ_कोपरखैरणे

गाडीच्या वहीत नोंद केली: "नोव्हेंबर, डावे चाक, खालची पिन, रबर असलेली." सोबत दोन्ही पिनांचा फोटोही चिकटवला आहे. परवा पहाटे चार वाजता गावाला निघतो आहोत.

सानपाड्याची_गौरी

नट शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्या, चाक नुकतेच काढले-घातले आहे. प्रवासाला शुभेच्छा.